जुनी बंदूक घेताना : ती चोरीची नाही, हे कसे पडताळावे?

पीकसंरक्षण वा स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना मिळालेल्या प्रत्येकाला नवी बंदूक परवडतेच असे नाही. मग वापरलेल्या बारा बोअरचा शोध सुरू होतो. नळ्या पाहिल्या जातात, चाप ओढून पाहिला जातो, किमतीची घासाघीस होते. मात्र ही बंदूक कोणाच्या घरातून चोरीस गेली आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विकणारा सोयरा वा परिचित असेल, तर मुळीच नाही.

हा संकोच महागात पडू शकतो. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम २७ मधील मूळ तत्त्व असे की, विकणाऱ्याकडे जेवढी मालकी आहे, त्याहून अधिक मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीच्या बंदुकीसाठी प्रामाणिकपणे पूर्ण किंमत मोजली, तरी ती मूळ मालकाचीच राहते. शिवाय माल चोरीचा असल्याचे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

चोरीच्या वाहनाविषयी नागरिकाला स्वतः विचारणा करता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ‘वाहन समन्वय’ या नावाने ती सोय केली आहे. बंदुकीसाठी अशी सर्वांना खुली यादी भारतात नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पोलीस खात्याच्या संकेतस्थळावर चोरीच्या शस्त्राचा क्रमांक कोणालाही तपासता येतो. आपल्याकडे पोलीस ठाण्यांना जोडणारी ‘सीसीटीएनएस’ ही संगणकीय प्रणाली आणि ‘इंटरपोल’ची शस्त्रनोंद या दोन्ही केवळ तपास यंत्रणांसाठी आहेत. साहजिकच ग्राहकाला पोलिसांमार्फतच जावे लागते, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ ने त्यासाठी वाटही आखून दिली आहे.

ही वाट म्हणजे कलम ५ मधील पंचेचाळीस दिवसांची मुदत. खासगी वापराची परवानाधारी बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकण्यापूर्वी मालकाने जिल्हादंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी यांना लेखी कळवावे लागते. त्यात घेणाऱ्याचे नाव व पत्ता द्यावा लागतो, आणि असे कळविल्यापासून किमान पंचेचाळीस दिवस गेल्यावाचून बंदूक हस्तांतरित करता येत नाही. अनेकांना ही मुदत निव्वळ सरकारी दिरंगाई वाटते. वस्तुतः चोरीचा क्रमांक उघडकीस येण्याची हीच संधी असते. म्हणून विकणाऱ्याने अर्जात बंदुकीचा प्रकार, निर्मात्याचे नाव आणि पूर्ण क्रमांक लिहिला आहे ना, हे पाहावे. पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. घेणाऱ्यानेही त्याच ठाण्यात स्वतंत्र अर्ज देऊन या क्रमांकाची बंदूक चोरीस वा गहाळ झाल्याची नोंद आहे काय, असे लेखी विचारावे. मुदत संपण्याआधी ‘बयाणा’ म्हणून मोठी रक्कम देण्याचे कारण नाही.

क्रमांक वाचण्यातही चूक होते. दुनळी बंदुकीत तो बहुधा एकाहून अधिक ठिकाणी असतो : नळ्यांच्या बुडाशी, मधल्या लोखंडी यंत्रभागावर आणि काही वेळा पुढच्या लाकडी भागाखाली. नळ्या सुट्या होत असल्याने एका बंदुकीच्या नळ्या दुसरीला बसविलेल्या असू शकतात. जुन्या विलायती बंदुकीवरील चाचणीचे शिक्के, पेटंटचा आकडा वा नुसता ‘१२’ हा बोअरचा आकडा म्हणजे बंदुकीचा क्रमांक नव्हे. क्रमांक घासलेला, खोडलेला वा नव्याने ठोकलेला वाटला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. कलम ८ नुसार ओळखचिन्ह नसलेली बंदूक विकताच येत नाही. इतकेच नव्हे, तर ज्याच्या ताब्यात अशी बंदूक सापडते त्यानेच खूण नाहीशी केली, असे विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरले जाते.

यानंतर कागद. विकणाऱ्याचा परवाना चालू आहे काय आणि त्यावरील क्रमांक लोखंडावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळतो काय, हे ताडून पाहावे. परवान्यावरील ‘यूआयएन’ ही परवानाधारकाची ओळख असते, बंदुकीची नव्हे. तेवढ्यावर समाधान मानू नये. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात शस्त्र जमा केल्याच्या जुन्या पावत्या येथे फार उपयोगी पडतात. मालकाने त्या जपल्या असतील, तर बंदूक वर्षानुवर्षे त्याच्याकडे उघडपणे होती, याचा तो चांगला पुरावा ठरतो. मालक मृत असेल, तर वारसाने ती रीतसर जमा केली होती काय, हेही विचारावे. परवानाधारी विक्रेत्याकडून घेतल्यास त्याच्या नोंदवहीतील आवक पाहण्यास मागावी.

मराठवाड्यात जुने कागद शोधणे थोडे अधिक अवघड आहे. कंधार १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नजीकच्या अहमदपूर तालुक्याची कथा तर आणखी गुंतागुंतीची : १९५६ पर्यंत तो बीदर जिल्ह्यात, नंतर उस्मानाबादेत (आजचे धाराशिव) आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात. तिकडच्या घराण्यातील वडिलोपार्जित ठासणीची बंदूक वा दुनळी कंधारात विकली जात असेल, तर परवान्याचा पहिला कागद तिसऱ्याच जिल्ह्याच्या नावाचा निघू शकतो. त्यात वावगे काही नाही. मात्र दोन नोंदींमधली साखळी तुटलेली असेल, तर नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून खुलासा मिळेपर्यंत थांबणे इष्ट. हस्तलिखित वह्यांच्या काळातील चोरी संगणकात असेलच असे नाही. ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर आले, तरी कागदांची तपासणी म्हणूनच टळत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. घेणाऱ्याकडे आधीच दोन असतील, तर बंदूक कितीही निर्दोष असली तरी हा व्यवहार होऊ शकत नाही.

क्रमांक चोरीच्या नोंदीशी जुळलाच, तर बंदूक विकणाऱ्याला परत करून मोकळे होण्याचा मोह टाळावा. ठाण्याला तत्काळ लेखी कळवावे. जप्तीनंतर ती मुद्देमाल ठरते आणि मूळ मालकाला न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते. दिलेल्या पैशांसाठी ग्राहकाला विकणाऱ्याविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो. त्या वेळी पावती, ठाण्याची पोच आणि व्यवहाराच्या तारखा यांवरच सारी भिस्त असते.