ओल्या लाकडाचा शिल्पकार : डेव्हिड नॅश

लाकूड पुरते मुरल्याशिवाय कोणताही जाणता सुतार त्याला रंधा लावीत नाही. ओले लाकूड वाळताना फाटते, पिळवटते, सांधे उघडे पाडते. ब्रिटिश शिल्पकार डेव्हिड नॅश (जन्म १९४५) यांनी नेमका हा दोषच आपल्या कलेचा आधार मानला. नुकत्याच कापलेल्या खोडाला यांत्रिक करवतीने एकाखाली एक आडवे छेद द्यायचे आणि उरलेले काम हवेवर सोपवायचे. ओल उडत जाते तशा चकत्या मुरडतात, त्यांना तडे जातात आणि स्तंभ आपले रूप घेतो.

१९६७ मध्ये नॅश उत्तर वेल्समधील ब्लायनाय फेस्टिनिओग या पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी राहायला गेले. पुढच्या वर्षी त्यांनी तेथील एक जुने प्रार्थनामंदिर विकत घेतले व तेथेच आपली कार्यशाळा थाटली. शिल्पासाठी निरोगी झाड पाडणे त्यांना मान्य नाही. वादळात उन्मळलेली, रोगट किंवा धोकादायक झालेली झाडेच ते निवडतात. काही शिल्पांचा पृष्ठभाग ते जाळून कोळशासारखा काळा करतात. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर लाकडाच्या रेषांवर न रेंगाळता थेट आकारावर जाते.

त्यांचे सर्वांत गाजलेले शिल्प मात्र कोणत्याही संग्रहालयात नाही. १९७८ मध्ये त्यांनी एका ओक वृक्षाच्या खोडातून सुमारे मीटरभर व्यासाचा ओबडधोबड गोळा कोरला. तो ओढ्यातून खाली आणताना वाटेतच अडकला. नॅश यांनी तो बाहेर न काढता तेथेच राहू दिला, आणि हा निर्णय कोरण्याइतकाच महत्त्वाचा ठरला. पुढे पंचवीस वर्षे पुरामागून पुरात हा ‘लाकडी धोंडा’ पुढे सरकत राहिला. पाण्याने काळवंडला, खडकांसारखाच दिसू लागला. नॅश यांनी छायाचित्रे, रेखाटने व चित्रफितींतून त्याचा माग ठेवला. ड्विरिड नदीच्या खाडीत पोहोचल्यावर २००३ मध्ये तो दिसेनासा झाला. २०१३ मध्ये तो खाडीतच पुन्हा दिसला आणि नंतर परत हरवला.

धोंड्याच्या एक वर्ष आधी, १९७७ मध्ये, त्यांनी वेल्समधील आपल्या जमिनीवर अ‍ॅशची २२ रोपे वर्तुळात लावली होती. छाटणी, कलम आणि हळूहळू वाकवणे यांतून त्यांचा जिवंत घुमट व्हावा, तोही एकविसाव्या शतकासाठी, अशी कल्पना होती. माणसांची वर्दळ नको म्हणून जागा गुप्त ठेवण्यात आली. घुमट आकाराला आला. पण अ‍ॅश वृक्षांना वाळवणारा बुरशीजन्य रोग २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये आढळला आणि पुढे या वर्तुळापर्यंतही पोहोचला. त्यावर खात्रीचा इलाज नाही. नॅश यांनी मरू घातलेल्या त्या झाडांभोवती ओकच्या रोपांचे नवे वर्तुळ लावले आहे.