तीन कातीव खुंटांचा पाळणा

आमच्या पेडण्याच्या घरात माळ्यावर एक पाळणा आहे. फणसाच्या लाकडाचा, चार कोपऱ्यांना चार खुंट, बाजूंना नाजूक कातीव गज. चारांपैकी तीन खुंट गोल आहेत, त्यांवर लाखेचे तांबडे, पिवळे, हिरवे पट्टे आहेत आणि माथ्यावर कळसासारखे बोंड आहे. चौथा खुंट चौकोनी. रंध्याने साफ केलेला आणि वर कधीकाळी तांबडा तेलरंग फासलेला. पाहुणेमंडळी विचारीत, 'हा असा का?' त्याचे उत्तर द्यायचे तर थोडे वाडीला जावे लागेल, आणि थोडे १९५५ सालातही.

वाडी म्हणजे सावंतवाडी. आमच्याकडे नुसते 'वाडी' म्हटले की पुरते. पेडण्याहून पंचवीस-तीस किलोमीटर. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल एके काळी वाडीकर भोसल्यांच्याच अंमलाखाली होते. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, पेडणे १७८८ मध्ये. नव्या काबिजादी म्हणतात त्या ह्याच. राज्य बदलले, पण माणसांच्या सोयरिकी आणि बाजार इतक्या सहज बदलत नाहीत. सुना बांद्याहून येत राहिल्या, लेकी आरोंद्याला जात राहिल्या. डिचोलीने तांब्या-पितळेची भांडी आणि मातीची मडकी घडवावीत, आणि पाळणा, पाट, चौरंग, पोरांची भातुकली मात्र वाडीच्या चितार आळीतून यावी, अशी एक न लिहिलेली वाटणी झालेली होती.

गंमत अशी की वाडीचे हे चितारी मुळात गोव्याहून आणि कारवारकडून तिकडे गेले असे सांगितले जाते. गोव्यात कुंकळ्ळीला चितारी आजही ओळखले जातात. म्हणजे जी कला आम्ही वाडीची म्हणून मिरवीत आणत होतो, ती एका अर्थी इकडूनच तिकडे गेलेली. तिसऱ्या खेम सावंतांच्या दीर्घ कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ ह्या काळात, वाडीला विद्येला आणि कलेला राजाश्रय मिळाला, असे तिकडचे जाणते सांगतात. गंजिफांची गोल पाने रंगवणारे आणि लाकूड रंगवणारे हात एकाच आळीतले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने. आमच्या दशावतारी नाटकांच्या मुलखात हा खेळ रुजला ह्यात नवल ते काय?

आता थोडे कातकामाविषयी. 'कातीव' हा शब्द आपण हल्ली नटीच्या चेहऱ्याला लावतो, आणि तो कातणाऱ्या कारागिराकडून आला आहे हे विसरून जातो. मी लहानपणी, गोवा मुक्त झाल्यावर, आईबरोबर वाडीला गेलो तेव्हा हे काम प्रथम पाहिले. जमिनीलगत दोन लोखंडी अणींमध्ये लाकडाचा तुकडा आडवा धरलेला. त्याला दोरीचा वेढा. समोर बसलेला मुलगा दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढतो. लाकूड एकदा पुढे गरगरते, एकदा मागे. पुढे फिरताना पटाशी टेकवायची, मागे फिरताना अलगद सैल सोडायची. कारागिराचा हात आणि पोराचा हात ह्यांचा ताल चुकला की लाकडाचा टवका उडालाच. मोटर आल्यावर लाकूड एकाच दिशेने फिरू लागले आणि दोरी ओढणाऱ्या पोराची गरज संपली. पोराचे हाल वाचले हे चांगलेच झाले. पण वर्षभर दोरी ओढता ओढता तो जे नुसते पाहून शिकत होता, ते शिकणेही त्याबरोबर गेले.

लाख लावणे तर मी अर्धा तास खिळून पाहिले. लाख ही पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. ती निखाऱ्यावर मऊ करून, रंग मिसळून, पुन्हा पुन्हा ताणून मळतात आणि तिच्या कांड्या करतात. पूर्वी पिवळ्यासाठी हरताळ, तांबड्यासाठी हिंगूळ, काळ्यासाठी काजळ. हरताळात सोमल आणि हिंगुळात पारा. पोरांनी तोंडात घालायच्या खेळण्यात ही द्रव्ये असू नयेत हे आज आपल्याला कळते. फिरत्या लाकडावर कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडाला बिलगते. मग शेवटी केवड्याचे पान दुमडून त्यावर दाबायचे. पान फिरले की चकाकी येते. आई म्हणाली होती, "बघ, देवाच्या फुलाचा पान आसा ता." मला तेव्हा ते खरेच वाटले.

खेळण्यांना पांगाऱ्याचे लाकूड, कारण ते हलके आणि मऊ. पाळण्याला मात्र फणसासारखे टिकाऊ. आळीत कोणी लाकूड तासतो, कोणी कातीत बसतो, घरातल्या बायका रंगवतात, म्हातारा उंबऱ्यावर बसून फणस, आंबा, केळे ह्यांच्या लाकडी फळांवर शेवटचे ठिपके देतो. दुपारच्या वेळी ह्या घरची कांडी त्या घरी, त्या घरची पटाशी ह्या घरी. हल्ली ऐकतो की अमेरिकेत लाकूड कातणाऱ्या हौशी लोकांची मोठी संघटना आहे, १९८६ साली स्थापन झालेली, आणि गावोगाव तिची मंडळे आहेत. निवृत्त मंडळी महिन्यातून एकदा जमतात, एक जण कातून दाखवतो, बाकीचे बघतात, आपापली वाडगी दाखवायला आणतात. वाचून बरे वाटले. चितार आळीला महिन्यातून एकदा जमण्याची सोय नव्हती. तिथे रोजच सगळे जमलेले, आणि विकले नाही तर संध्याकाळची चूल अडणारी. हौस आणि पोट ह्यांतला हा फरक लहान नाही.

असो. पाळण्याकडे वळतो.

आई बांद्याची. १९५२ साली लग्न होऊन ती पेडण्यात आली. दुसऱ्या वर्षी थोरला भाऊ झाला तेव्हा तिच्या माहेराहून हा पाळणा आला, वाडीहून करवून घेतलेला. चारही खुंट तेव्हा कातीव होते. मग १९५५ चा पंधरा ऑगस्ट आला. पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, अनेक जण हुतात्मे झाले, आणि भारत सरकारने गोव्याची हद्द बंद केली. पत्रादेवी ते बांदा हे अंतर ते केवढे! पण आईला आपल्या आईचे तोंड दिसेना. येणे-जाणे परवान्यावर, तो मिळेल तेव्हा खरा. आजोळचे आजोबा ह्याच काळात वारले, आणि बातमी आमच्याकडे पोचेपर्यंत त्यांचे तेराव्याचे जेवणही होऊन गेले होते. आई ह्याविषयी फारशी बोलत नसे. बोललीच तर 'बंदी होती' एवढे दोन शब्द.

त्याच दिवसांत थोरल्या भावाने पाळण्यावर चढून झोका घेतला आणि एक खुंट मुळातून चिरला. पुढे १९५८ मध्ये माझी चाहूल लागली, तेव्हा पाळणा दुरुस्त करणे भाग होते. वाडीचा रस्ता बंद. कुंकळ्ळीचे चितारी गोव्यातलेच, पण तिथवर जायचे तर मांडवी आणि जुवारी दोन्ही फेरीबोटीने ओलांडायच्या, एका खुंटासाठी कोण जाणार? शेवटी गावच्याच मेस्त्रीला बोलावले. त्याच्याकडे वाकस होता, रंधा होता, पटाशी होती, पण लाकूड फिरवायचे साधन नव्हते. त्याने फणसाचा चौकोनी खुंट बसवला. घट्ट, अगदी सरळ. मी त्याच पाळण्यात वाढलो, आणि आई सांगे की मी चौकोनी खुंटाकडेच बघत पडून राही. हे तिचे कौतुक असावे.

१९ डिसेंबर १९६१ नंतर रस्ता खुला झाला. वडील म्हणाले, आता वाडीहून खुंट करून आणू. आई म्हणाली, "त्या खुंटाक हात लावू नका. तो ऱ्हवांदे." वडिलांनी कारण विचारले नाही, आणि मी विचारण्याएवढा मोठा झालो तेव्हा ती हसून दुसऱ्या कामाला लागली.

वाडीलाही मधल्या काळात कठीण दिवस आले. प्लास्टिक आले, गंजिफा खेळणारे संपले. १९७० च्या दशकाच्या आरंभी राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी ह्यांनी पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कलावंताकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, राणीसाहेब २०१८ मध्ये. दरबार हॉलात गंजिफा रंगवणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हापासून मुंबईचे लोकही वाडीची लाकडी फळे टोपलीने नेतात. कोलगावातही कातकाम करणारी घरे आहेत.

गेल्या वर्षी मला नात झाली. माळ्यावरून पाळणा उतरवला. गजांपैकी दोन सुटले होते, म्हणून तो टेंपोत घालून वाडीकडच्या एका कारागिराकडे नेला. मोपाचा विमानतळ झाल्यापासून त्या बाजूच्या रस्त्यांना गाड्यांची रीघ असते, पण पत्रादेवीला आम्हांला कोणी अडवले नाही. मेस्त्रींनी तीन खुंटांवरून बोटे फिरवली. म्हणाले, लाख जुनी आहे, नुसते पान मारले तरी उजळेल. चौथ्यापाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"ह्यो चौथो करूचो काय? अर्ध्या दिसाचा काम."

मुलगा म्हणाला, "करून घेऊया बाबा, शोभेल." मी गज तेवढे करायला सांगितले. मग मेस्त्रींनी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत मी त्यांना बंदीची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा त्या वर्षांत आळीतच कातीत बसायचे. "पेडण्याची गिऱ्हायकां बंद झाली म्हणून तेनी तेव्हा पाळणे करूचेच सोडल्यानी," ते म्हणाले, "नुसती भातुकली करीत."

गज आठ दिवसांनी मिळाले. नात आता त्या पाळण्यात निजते.