राबाची राख आणि सरकारचें जंगल

१९८१ पासून रायगड या नांवानें ओळखला जाणारा कुलाबा जिल्हा पूर्वींपासून भाताचा. अलिबाग, पेण, रोहें या भागांत पाऊस सुरू होतांच भाताच्या आधीं तणच डोकें वर काढी, व कोंवळ्या रोपांतून तें निवडणें फार जिकिरीचें होई. म्हणून शेतकरी उन्हाळ्यांतच त्याचा बंदोबस्त करी. रोपाच्या जागेवर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन वर माती पसरी आणि तें सारें पेटवी. हाच राब. त्याच्या आंचेनें तणाचें बीं मरे, माती भुसभुशीत होई व राखेचें खत मिळे.

१८७८ च्या वनकायद्यानंतर टहाळ तोडण्यावरील निर्बंध कडक झाले. राब म्हणजे झाडांची नासाडी, असें वनखात्याचें म्हणणें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तो पिकाचा पाया. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला कीं, १८८५ मध्यें सरकारास चौकशीसाठीं वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्यें आला; १८९३ मध्यें डॉ. व्होल्कर यांनींही हिंदी शेतीवरील आपल्या अहवालांत राबाचा विचार केला.

जंगल राखणें अवश्यच होतें. परंतु राब थांबला, तर रोपांतलें तण उपटण्याचें काम ऐन पावसांत शेतकऱ्याच्या घरच्या माणसांवर पडणार, ही गोष्ट हुकूम काढतांना विसरून चालणारी नव्हती.