मिठी नदी आणि आपल्या वस्त्या

महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. शिक्षक कमी पडले म्हणून मध्यंतरी दोन वर्षे पर्यावरण या सक्तीच्या विषयाचे तासही माझ्या गळ्यात पडले. त्या विषयाच्या एका मार्गदर्शिकेत वाक्य होते की, नदीकाठच्या झोपडपट्ट्यांमुळे मुंबईची मिठी नदी दूषित झाली आहे. मी ते वर्गात वाचून दाखवले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, आमची वस्ती यायच्या आधी ती कशी होती?" तिच्या बोलण्यात बंडखोरीचा आव नव्हता. तिला माहिती हवी होती आणि ती मला देता आली नाही. मी स्वतः त्याच नदीच्या काठी, कुर्ल्याच्या बाजूला जन्मलो. घराण्यातला मी पहिला पदवीधर. पेशव्यांची वंशावळ मला तोंडपाठ होती; ज्या पाण्याच्या वासात मी लहानाचा मोठा झालो त्या पाण्याचा इतिहास मात्र ठाऊक नव्हता. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

मिठी ही काही गंगा-गोदेसारखी नदी नव्हे. लांबी सुमारे १८ किलोमीटर. विहार तलावाच्या सांडव्यातून ती निघते, पवईच्या तलावाचे जादा पाणी तिला मिळते, आणि साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी असे करीत माहीमच्या खाडीला जाऊन मिळते. ती 'तलावाच्या सांडव्यातून' निघते हे वाक्य आपण सहज बोलून जातो. पण तलाव आधी नव्हता, नदीचे खोरे आधी होते. १८५४ च्या पाणीटंचाईनंतर मुंबई शहराला पाणी हवे झाले, म्हणून साष्टीतल्या या खोऱ्यात बांध घालून १८६० मध्ये विहार तलाव पुरा करण्यात आला. पवईचा तलाव १८९१ च्या सुमाराचा. त्याचे पाणी थोड्याच काळात पिण्यास अयोग्य ठरले. म्हणजे नदीवर पहिला हात पडला तो तिच्या उगमावर, आणि तो झोपडीवाल्याचा नव्हता. तिचे गोडे पाणी नळावाटे दक्षिणेकडच्या शहराला गेले. खाली उरले ते पावसाळ्यात सांडेल तेवढे.

तोंडाची कथा त्याच्याही आधीची. वांद्रे आणि माहीम जोडणारा रस्ता १८४५-४६ मध्ये तयार झाला. लेडी जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून तो झाला. प्रवाशांचे हाल त्याने थांबवले हे खरेच. पण भरती-ओहोटीची मोकळी ये-जा भरावाने आवळली गेली हेही तितकेच खरे. वर बांध, खाली भराव, मध्ये नदी. उपकाराच्या इतिहासात पाण्याची बाजू कोणी लिहीत नाही.

धारावी त्या वेळी कोळीवाडा होती. १९०९ च्या गॅझेटियरने मुंबईच्या मोठ्या कोळीवाड्यांत तिची गणना केली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे कातडी कमावण्याचे कारखाने आले. कमावणारे हात कोणाचे होते? ढोर, चर्मकार, तमिळनाडूकडून आलेले मुसलमान आणि आदिद्रविड. हा धंदा शहराच्या नाकाखाली कोणालाच नको होता, म्हणून तो शहराच्या काठावर लोटला गेला. चामड्याचे पाणी नदीत गेले, हे मी नाकारणार नाही. परंतु बूट घालणारा स्वच्छ आणि कातडे कमावणारा घाण, हा न्याय कोणत्या स्मृतीतला, हे वाचकांना सांगायला नको.

१८९६ च्या प्लेगनंतरही हेच घडले. १८९८ मध्ये सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. हवा आणि उजेड आणण्यासाठी दाट वस्त्या पाडण्यात आल्या आणि रुंद रस्ते काढण्यात आले. पाडलेल्या खोल्यांतली सगळी माणसे नव्या हवेशीर घरांत गेली नाहीत. शहराचा कचरा पुढे पूर्वेकडच्या दलदलीत जाऊ लागला; देवनारचे क्षेपणभूमीचे मैदान १९२७ पासूनचे. कचऱ्याच्या मागोमाग कचरा वेचणारे गेले. शहराने निसर्गाचे दोन भाग पाडले : एक फिरायला जाण्याचा, दुसरा फेकून देण्याचा. दुसऱ्या भागाच्या शेजारी आपल्याला जागा मिळाली.

ही रीत आपल्याला नवी नव्हती. आमच्या गावी, बीड जिल्ह्यात, ओढ्याच्या वरच्या अंगाला सवर्णांचा पाणवठा, त्याखाली गुरांचा, आणि गुरांच्याही खाली आमचा. पाणी उतारावरून वाहते, जातही. महाडच्या चवदार तळ्याविषयी आपण एवढे बोलतो, पण एक गोष्ट निसटते. ते तळे एखाद्या खेड्यातले नव्हते, नगरपालिकेचे होते. १९२४ च्या जानेवारीत पालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. शहरातला निसर्ग कोणाचा, हा प्रश्न आपल्या चळवळीने कोणत्याही पर्यावरणवाद्याच्या आधी विचारला आहे.

माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मुंबईला आले. सुकी जागा मिळायला पैसा लागत होता. ओली जागा भराव टाकणाऱ्याची. आजोबा-आजींनी डेब्रिस आणि माती डोक्यावरून आणून खाजणात घर उभे केले. काठावर तेव्हा तिवराची झाडे होती. शेजारच्या कोळणीने आजीला चिंबोरी कशी धरायची आणि निवट्या कशा साफ करायच्या हे शिकवले. कोरड्या मुलखातली बाई, जिने जन्मात खाडी पाहिली नव्हती, ती भरतीच्या वेळा तिथीवरून सांगू लागली. तिवराचे वाळके फाटे आम्ही चुलीला आणत असू. ते सांगायला मला संकोच वाटत नाही. चुलीपुरते फाटे नेणारी माणसे आणि शेकडो हेक्टर खाजण बुजवणारी माणसे यांना एकाच 'मानवी हस्तक्षेप' या शब्दात बसवणारे विद्वान मी पुढे सेमिनारांतून बरेच ऐकले.

खाजण बुजवणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते सरकारी नकाशावर. १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नियोजनाचे अधिकार मिळाले. सुमारे ३७० हेक्टरांचे हे क्षेत्र. त्यातली बरीचशी जमीन मिठीच्या दोन्ही अंगांची दलदल, जिथे पुराचे पाणी पसरत असे. त्यावर बँका आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. वरच्या अंगाला विमानतळाची धावपट्टी नदीवरून गेली. नदीला काटकोनात वळायला लावले. पाणी काटकोनात वळत नाही हे शाळकरी पोरालाही कळते. या सर्व कामांना 'अतिक्रमण' हा शब्द कधी लागला नाही. तो शब्द आमच्यासाठी राखीव होता, आणि राखीव जागांपैकी एवढीच एक न मागता मिळाली.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. मी चौदा वर्षांचा होतो. दुपारी पाणी उंबऱ्याला लागले आणि संध्याकाळी ते खिडकीच्या वर होते. आम्ही पाच जण पोटमाळ्यावर रात्रभर बसलो. खालून मोरीचे, खाडीचे आणि रॉकेलचे पाणी. वडिलांनी बाबासाहेबांची तसबीर आणि पत्र्याची पेटी आधीच वर घेतली होती. पेटीत फोटोपास, रेशनकार्ड, माझ्या शाळेचे दाखले. पाच घरे सोडून राहणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी वर घेऊ शकले नाही. शहरात चारशेहून अधिक माणसे गेली. पहाटे आजी म्हणाली, "गावाला पाणी न्हवतं म्हून आलो, अन् हितं पाण्यानं पिच्छा धरला." तिला हसू आले की रडू, ते त्या अंधारात कळले नाही.

पुढच्या आठवड्यात दोन आरोपी जाहीर झाले : प्लास्टिकची पिशवी आणि झोपडी. सरकारने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली, मिठीसाठी प्राधिकरण स्थापन केले. नदी रुंद करायची ठरली. ती करायला हवीच होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण रुंदी कोणाच्या बाजूने काढायची? धावपट्टी हलणार नव्हती. संकुल हलणार नव्हते. हलू शकत होतो ते आम्ही.

मग पुरावे मागण्यात आले. १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून राहत असल्याचा कागद दाखवा. ज्यांची पेटी वर गेली त्यांच्याकडे कागद होता. ज्यांची पुरात गेली त्यांच्याकडे चिखल होता. एका कचेरीत वडिलांसमोर शेजारणीला सांगण्यात आले की, पुरात कागद वाहून गेल्याचाही कागद आणा. आम्हाला दूर कुठेतरी २२५ चौरस फुटांची खोली मिळाली. शेजारणीला मिळाली नाही. पेटीच्या उंचीएवढेच काय ते आमच्यात आणि तिच्यात अंतर होते, आणि मी आज महाविद्यालयात उभा राहून बोलतो, त्यात त्या अंतराचाही वाटा आहे.

ज्यांना घरे 'मिळतात' त्यांचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. १८९२ च्या तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या सुरक्षिततेसाठी हटवल्या गेल्या, तेव्हा हजारो कुटुंबांना माहुलला पाठवले. माहुल म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यांचा शेजार. तिथली हवा आरोग्यास धोकादायक असल्याचे हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. लोकांनी जायला नकार दिला, लढले, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना महिना १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. शहराची पाण्याची वाहिनी सुरक्षित झाली. तिच्या शेजारच्या माणसांना पाणी होते का, हे आधी कोणी विचारले नव्हते. वस्ती बेकायदा असली तरी माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, हे सांगायला २०१४ साली उच्च न्यायालय लागले.

याचा अर्थ पर्यावरणाची भाषा आपल्याविरुद्धच आहे असा काढणारे कार्यकर्ते मला भेटतात. हे मला मान्य नाही. खारफुटी तोडण्यास उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली, ती आपल्याच हिताची आहे. तिवर असते तर त्या रात्री पाण्याला शिरायला दुसरी जागा होती. मला खटकते ते एवढेच की, झाडाची बाजू घेणारा अर्जदार पुष्कळदा माणसाला मोजायचे विसरतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून १९९७ च्या आदेशानंतर झोपड्या निघाल्या, तेव्हा बिबट्याला वकील होता. त्याला तो असायलाच हवा. पण त्याच जंगलातल्या वारली पाड्यांना आपण इथलेच आहोत हे सिद्ध करावे लागावे, हा कोणता निसर्ग?

त्या मुलीच्या वर्गाला घेऊन मी धारावीसमोरच्या निसर्ग उद्यानात गेलो. ती जागा पूर्वी कचऱ्याचे आगार होती. १९८३ मध्ये डॉ. सलीम अलींच्या उपस्थितीत तिथे झाडे लावायला प्रारंभ झाला, १९९४ मध्ये ते लोकांना खुले झाले. आता ३७ एकरांचे दाट रान आहे, कचऱ्यावर उभे. मार्गदर्शकाने झाडांची शास्त्रीय नावे सांगितली, पक्षी दाखवले. ढीग वेचून पोट भरणाऱ्या माणसांचा उल्लेख झाला नाही. मी विचारले, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, आम्हाला ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं."

मागच्या बाजूला मिठी दिसते. काळी, सिमेंटच्या भिंतीत बांधलेली. तिच्या गाळ उपशात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आहे. म्हणजे नदीचा गाळही कोणाला तरी मोलाचा आहे. ओहोटी लागली होती. भिंतीखालच्या चिखलात काहीतरी टुणकन उडाले. मुली मागे सरकल्या. निवटी होती. मी तिचे नाव सांगितले, आणि ती कशी साफ करायची तेही.