हॉलमधलं जातं

आमच्या घरी कॉम्प्युटर आला २००० साली. गंगापूर रोडवरचा फ्लॅट, दोन बेडरूम आणि हॉल, माणसं पाच. टेबल ठेवायला एकच जागा उरली होती: हॉलमध्ये, आजीच्या दिवाणाच्या उशाशी. बाबा तेव्हा मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक होते. (विद्यापीठ आमच्याच रस्त्याने पुढे, गंगापूर धरणाजवळ.) दिवसा नोकरी, रविवारी तास, आणि रात्री दहानंतर श्रीलिपीत नोट्स टाइप करणं. म्हणजे आजीची झोपायची वेळ आणि कॉम्प्युटरची जागायची वेळ एकच.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "काय रे, याच्या पोटात जातं बसवलंय का?"

तिचं फारसं चुकलं नव्हतं. आत खरंच एक गोल थाळी फिरत होती, मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२०. त्या फिरण्याची एक घुमणारी गुणगुण. तिच्यावर बेअरिंगमधल्या छर्‍यांची बारीक शीळ. आणि मधूनमधून करकर, ती थाळीवर पुढेमागे धावणार्‍या हाताची. हा हात हलवणार्‍या भागाला 'व्हॉइस कॉइल' म्हणतात, कारण लाउडस्पीकरचा पडदा हलवणारी चुंबक-वेटोळ्याची तीच जुनी युक्ती इथे वापरलेली असते. आवाज काढण्यासाठी शोधलेली वस्तू आवाज करते, यात तिचा दोष काय?

हार्ड डिस्कच्या आवाजाचा इतिहास १९५६ पासूनचा आहे, तक्रारीचा मात्र बराच नंतरचा. आयबीएमच्या 'रॅमॅक' यंत्रातली डिस्क ही पहिली. दोन फूट व्यासाच्या पन्नास थाळ्या, मिनिटाला १२०० फेरे, वजन टनाच्या आसपास, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. वाचणारं टोक थाळीला घासू नये म्हणून मध्ये हवा फुंकायला वेगळा कॉम्प्रेसर. त्या खोलीत काय गोंगाट असेल! पण तिथे कुणी झोपायला जात नव्हतं. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची डिस्क काढली. तिच्यात ५ एमबी मावायचे, म्हणजे आजच्या फोनमधला जेमतेम एक फोटो. पण ती टेबलावरच्या कॉम्प्युटरात बसत होती. तिथून डिस्क ऑफिसात, मग घरात शिरली आणि आमच्याकडे तर थेट म्हातार्‍या माणसाच्या उशाशी आली.

गंमत म्हणजे २००० सालीच भारतात ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. आमची डिस्क त्याच्या बरीच आत होती. कायद्यात बसत होती, आजीच्या कानात बसत नव्हती.

२००३ च्या एप्रिलमध्ये माझी अकरावी संपली आणि मी हा प्रश्न हाती घेतला. आधी कळलं ते असं, की डिस्क स्वतः फार आवाज करतच नाही. मिरजेच्या तंबोर्‍याची तार नुसती ताणून छेडली तर हाताच्या अंतरावर जेमतेम ऐकू येईल. भोपळ्याला आणि तबलीला जोडली की दिवाणखाना भरतो. आमच्या 'सीपीयू'चा (डब्याला सगळे सीपीयूच म्हणायचे) पातळ पत्रा हा तो भोपळा होता. चार स्क्रूंनी डिस्क त्याला आवळलेली, म्हणून तिची थरथर सगळ्या पत्र्यात उतरत होती.

मग स्क्रू काढले. आईच्या शिवणाच्या डब्यातलं चड्डीचं इलास्टिक घेतलं आणि डिस्क कॅबिनेटमध्ये झोळीसारखी टांगली. जगभरचे शांतताप्रेमी तेव्हा हेच करत होते, हे मला पुष्कळ नंतर समजलं. गुणगुण जवळजवळ गेली.

उरली करकर. त्यावरही उपाय निघालेला होता. त्या काळातल्या बर्‍याच डिस्कांना १२८ ते २५४ यांमधला एक आकडा देता यायचा. २५४ म्हणजे हात जोरात धावणार, १२८ म्हणजे हळुवार. वेळ थोडा जास्त लागतो, इतकंच. मित्राकडून फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्रॅम आणला आणि १२८ करून टाकलं. (या हळुवारपणावरून अमेरिकेत कोर्टकचेरी चालू होती. कॉन्व्हॉल्व्ह नावाची छोटी कंपनी आणि एमआयटी यांनी २००० साली सीगेट आणि कॉम्पॅकवर पेटंटचा दावा लावला होता. तो दहा वर्षांहून जास्त चालला. पुढे सीगेटच्या घरगुती डिस्कांमधून ही सोय गिर्‍हाइकाच्या हातातून गेली.)

इथे थांबायला हवं होतं. पण छर्‍यांची शीळ अजून येत होती. तिच्यावर खरा इलाज कारखान्यातच होता: छर्‍यांऐवजी तेलाचा अगदी पातळ थर, ज्यावर आस तरंगत फिरतो. २००१ च्या सीगेटच्या 'बाराकुडा एटीए ४'ने तो घरगुती कॉम्प्युटरांत आणला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत सगळ्यांनीच छर्रे सोडले. आमची डिस्क त्याआधीची. नवी घ्यायला पैसे नव्हते. मी जुन्या गादीतला स्पंज कापला आणि डिस्क चारी बाजूंनी गुंडाळली.

हॉल शांत झाला. रात्री भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. बाबा खूश. आईने इलास्टिकबद्दल काही विचारलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी आजी म्हणाली, "त्याचा आवाज बदललाय."

"आजी, आता आवाजच नाहीये."

"आहे. रात्री दोनदा टक् टक् केलं त्याने. जात्यातले दाणे संपले की दगड दगडाला लागतो. लांबून कळतं ते."

मी तिला नव्या सेटिंगबद्दल समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. सहा दिवसांनी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. स्पंज काढला तेव्हा डिस्क हातात धरवत नव्हती. आणि आता सगळ्यांना ऐकू येत होतं: टक्, टक्, टक्. हात आपली जागा शोधतो, सापडत नाही, मागे येतो, पुन्हा जातो. दुरुस्तीवाल्याने कानाला लावली आणि मान हलवली.

तीन वर्षांच्या नोट्स गेल्या. त्या बाबांनी पुन्हा केल्या. दुसरी एक फाइल होती, तीस पानांची: आजीने रात्री झोप येत नाही म्हणून सांगितलेल्या तिच्या माहेरच्या गोष्टी. बाबा नोट्सच्या मधेमधे त्या टाइप करायचे. म्हणजे ज्या आवाजाने तिला जागं ठेवलं, त्यानेच ती पानं दिली होती. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

"परत सांगते की," ती म्हणाली. सांगितल्याही. पण पहिल्या वेळी विहिरीत पडलेली होती ती धाकटी मावशी, दुसर्‍या वेळी शेजारची मुलगी.

डिस्क मी मारली का? बरीच वर्षं मी हो समजत होतो. २००७ मध्ये गूगलच्या तीन इंजिनिअरांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास छापला. उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध लोक समजतात तितका घट्ट नाही, असं त्यात निघालं. वाचून इतकं बरं वाटलं! मग पुढचं वाचलं. अपवाद दोन: फार वरचं तापमान, आणि तीन वर्षांच्या पुढेमागे असलेल्या डिस्का. आमची तीन वर्षांची, नाशिकचा मे आणि वर गादीचा स्पंज. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे. बिघाडाची पूर्वसूचना द्यायला डिस्कमध्ये स्वतःची एक यंत्रणा असते, पण बिघडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी तापमान सोडून तिथे कशाचीच नोंद केलेली नव्हती.

तुमच्या फोनमध्ये फिरणारं काही नाही. माझ्या लॅपटॉपमध्येही नाही. आत नुसत्या चिप्स. त्या गेल्या तर टक् टक् सुद्धा न करता जातात. म्हणून बाबांनी बॅकअपसाठी मुद्दाम फिरणारी डिस्क घेतली आहे. दर रविवारी दुपारी ते ती जोडतात, आणि फाइली जायला लागल्या की आईला टीव्ही बंद करायला सांगतात.

"अहो, पिक्चर चाललाय," आई म्हणते.

"दोन मिनिटं," म्हणत ते डिस्क उचलून कानाला लावतात.