१२ जुलै १९६२ : रोलिंग स्टोन्सची पहिली मैफल

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मार्की क्लबमध्ये या दिवशी ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव घेऊन एक बँड पहिल्यांदा मंचावर आला. दर गुरुवारी तिथे वाजवणारे अलेक्सिस कॉर्नर त्या रात्री बीबीसीच्या कार्यक्रमात गुंतले होते. त्यांची जागा या पोरांना मिळाली. मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स, इयन स्ट्युअर्ट, डिक टेलर. बँडचे नावसुद्धा शिकागोचे ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या गाण्यावरून घेतलेले.

प्रसिद्धी, पैसा, भरलेली स्टेडियम हे सारे पुढे आलेच. २००३ मध्ये मुंबईकरांनीही त्यांना प्रत्यक्ष ऐकले. पण या बँडचे मोठेपण मला दुसरीकडे दिसते. शिकागोच्या कृष्णवर्णीय कलावंतांचे रिदम अँड ब्लूज त्यांनी आपलेसे केले आणि त्याचे धनी कोण, हे उघडपणे सांगितले. विली डिक्सन यांनी लिहिलेले, ब्लूज गायक हाउलिन वुल्फ यांनी आधी गायलेले ‘लिटल रेड रूस्टर’ त्यांनी १९६४ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अव्वल नेले. पुढच्याच वर्षी अमेरिकी दूरचित्रवाणीवरील ‘शिंडिग’ या कार्यक्रमात वुल्फ यांना बोलवा, असा आग्रह त्यांनी धरला. वुल्फ आले, गायले. स्टोन्स त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहिले. गोऱ्या अमेरिकेला तिच्याच देशातला हा थोर गायक लंडनच्या तरुणांनी दाखवावा, ही त्या काळातील वर्णभेदाची साक्ष आहे.

२०१६ चा त्यांचा ‘ब्लू अँड लोन्सम’ हा अल्बम पूर्णपणे जुन्या ब्लूज गाण्यांचा आहे. तो जरूर ऐका. त्याआधी मात्र मडी वॉटर्स आणि हाउलिन वुल्फ यांना ऐका.