कॅप्टन गॉर्डनची वकिली

परस्परांशी व्यापार करणारी राष्ट्रे एकमेकांची गरजू होतात आणि म्हणून शांततेकडे झुकतात, असे माँतेस्क्यूने १७४८ साली लिहिले. त्याआधी नऊ वर्षे असाच युक्तिवाद घेऊन ईस्ट इंडिया कंपनीचा एक कप्तान छत्रपती शाहूंच्या भेटीला आला होता.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वेढ्याच्या काळात मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना दारूगोळा पुरवला होता. चर्चची चांदी तारण घेऊन पंधरा हजार रुपयांचे कर्जही दिले होते. (सावकारी काही सुटत नाही!) वसई पडताच मुंबईला स्वतःची धास्ती पडली. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे गेला आणि कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांकडे. महाराज त्या वर्षी मिरजेच्या मोहिमेत गुंतले होते. आम्हांस व्यापार हवा, मुलूख नको, हे गॉर्डनने सांगायचे होते. शिवाय बाजीरावांच्या दरबारी विरोधकांचा अंदाज घेऊन पेशव्यांविषयी संशय पेरावा, अशीही त्याला सूचना होती.

जुलैत इंचबर्डने तह केला आणि पेशव्यांच्या मुलखात कंपनीला व्यापाराची मोकळीक मिळाली. पुढे पस्तीस वर्षे उघड युद्ध झाले नाही. १७५६ साली विजयदुर्गाला आंग्र्यांचे आरमार जळाले, तेही पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत. मग व्यापाराने शांतता राखली म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. मुंबईचे बळ तोकडे होते तोवर तह टिकला. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात फूट पडली आणि डिसेंबर १७७४ मध्ये कंपनीने ठाण्याचा किल्ला घेतला. व्यापार तेव्हाही चालूच होता.

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' (सुमारे १७१५) आपण वर्गात बहुधा गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवतो आणि त्यातील साहुकारांचे प्रकरण घाईने उरकतो. साहुकारांना राज्याची शोभा मानणारे अमात्य टोपीकरांना मात्र वेगळे काढतात, कारण त्यांच्यामागे राजे उभे आहेत. तरीही त्यांच्याशी व्यापार तोडा, असे ते म्हणत नाहीत. वखारीस जागा द्यावी, पण समुद्रकिनारा आणि किल्ले यांपासून दूर, एवढाच त्यांचा आग्रह. व्यापार किती, यापेक्षा तो कोणत्या जागेवरून चालतो, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. मुंबई बेट तर मुळातच तटबंदीचे बंदर होते.

१८३३ च्या सनदेने कंपनीचा व्यापार संपला. सातारचे राज्य तिने खालसा केले ते १८४८ साली.